निम्मी पायरी

पायऱ्या आपापसांत बोलायच्या, त्या काळातली गोष्ट. द्वारकाकाकूंच्या शिडीचे दोन बांबू वर शेंड्याला एकत्र बांधलेले होते. मधली पायरी सगळ्यांत खालचीच्या बरोबर निम्मी होती, म्हणून ती जळफळायची.

"अगं, शेंड्यापासून तू माझ्या निम्म्या अंतरावर आहेस, म्हणून निम्मी आहेस," खालची म्हणाली.

"तुला काय जातंय बोलायला!" म्हणत मधलीने आपलं एक टोक हळूच खाली सरकवलं. तिरकी होताच ती लांब दिसू लागली.

आंबे उतरवायला चढलेल्या काकूंचा पाय तिच्यावरून घसरला. त्या कशाबशा खालच्या पायरीवर सावरल्या.

"लांबी काय चाटायचीय? पाय ठरायला हवा!" म्हणत त्यांनी तिची दोरी सोडून तिला फेकलं आणि तिथे खालचीला समांतर अशी निम्मीच काठी बांधली.

पाचोळ्यात पडलेली जुनी पायरी आता त्या निम्म्या काठीवर जळफळत होती.