लागतं तेवढं इंग्रजी

डिंगणकर साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, तेव्हा रंजना लाटकरच्या तोंडचं पाणी पळालं. पंपाच्या त्या कारखान्यात ती फोनवर बसायची. साहेबांचा फतवा होता, की ऑफिसातलं रोजचं बोलणं इंग्रजीतून झालंच पाहिजे. साहेब स्वतः परीक्षा घेणार, आणि नापास होईल त्याची बदली थेट भट्टीवर, धुरात. आणि रंजनाला दमा.

बिचारीने महिनाभर घरच्या म्हशीशी इंग्रजीत सराव केला होता. म्हैस सुधारली, पण बाई केबिनच्या दारातच सगळं विसरली.

आत टाय लावलेले तीन मॅनेजर भिंतीला चिकटून उभे होते.

"ऑफिसात लागणारं इंग्रजी किती येतं?" साहेबांनी विचारलं.

"लागतं तेवढं सगळं येतं, साहेब." रंजना म्हणाली.

"बोलून दाखवा."

"येस सर."

"पुढे?"

"पुढे काही नाही. तुमच्यासमोर याच्यापलीकडे कुणी काही बोललेलं मी तरी ऐकलं नाही, साहेब."

साहेब लालबुंद झाले. रंजनाला डोळ्यांपुढे भट्टीच दिसायला लागली. साहेब गर्रकन मॅनेजरांकडे वळले आणि गरजले, "माझ्यापुढे तुम्ही फक्त येस सर म्हणता, असं ही बाई म्हणते. खरं आहे का हे?"

तिघेही घाबरून एका सुरात म्हणाले, "येस सर."

बाहेर फोन वाजत होता.

"जा, उचला," ते म्हणाले.

रंजना पळतच सुटली. न जाणो, साहेबांना दुसरा प्रश्न सुचायचा.