खिंडीपलीकडची माती

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा राजे होते, त्यांचे हत्तीघोडे होते, पण बातमी मात्र पायी चालत यायची. बाळांनो, ऐका. आणि बाळांच्या मागे बसून काहीच न ऐकल्याचा आव आणणाऱ्या मोठ्यांनो, तुम्हीही ऐका.

एका नगरात एक वार्ताहर होता. गावोगाव हिंडायचं, घडलेलं पाहायचं आणि परत येऊन चौकातल्या दगडावरून सांगायचं, हे त्याचं काम. त्या नगराची एक रीत होती. ज्या गावची बातमी, तिथली मूठभर माती उपरण्याच्या टोकाला बांधून आणायची. ती सगळ्यांसमोर दगडावर ओतायची आणि म्हणायचं, "ही तिथली माती. डोळ्यांनी पाहून आलोय." मगच बातमी सांगायची.

माणूस कष्टाळू होता. पण खऱ्या बातमीला रोज चव कुठून आणणार? कुठे बैल दगावला, कुठे बंधारा फुटला. लोक अर्धंमुर्धं ऐकायचे, जांभया द्यायचे आणि घरी जायचे. त्याला ते फार लागायचं.

एकदा त्याचा पाय मुरगळला. बाजाराचा दिवस उजाडला, चौकात लोक जमले, आणि हा घरातच. रिकाम्या हाताने जायचं कसं? त्याने चुलीतली मूठभर राख उपरण्याला बांधली आणि लंगडत दगडावर चढला.

"ही खिंडीपलीकडच्या गावची माती," तो म्हणाला. "डोळ्यांनी पाहून आलोय. पळताना पाय मुरगळला, तो बघा. तिथली माती करडी पडलीय, कारण तिथे आता जिवंत कोणी नाही. मेलेली माणसं उंबऱ्यात बसून असतात. तिन्हीसांजेला खिंड उतरून येतात. ओळखीचा चेहरा घेतात, ओळखीचा आवाज काढतात आणि काहीतरी मागतात. त्यांना ओ देऊ नका. जो ओ देईल, तो त्यांच्यातलाच होईल."

त्या दिवशी चौकात एकही जांभई आली नाही.

आता खरं सांगायचं तर त्या गावात त्याची स्वतःची लेक, येसू, दिलेली होती. तिथल्या गल्ल्या त्याला पाठ होत्या, म्हणून वर्णन सोपं गेलं, एवढंच.

बायको म्हणाली, "अहो, आपली येसू आहे ना तिथे?"

"अगं, गोष्ट आहे ती! लोकांना तेवढंही कळत नाही होय?"

"कळलं असतं. पण तुम्ही माती ओतलीत."

त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पुढच्या बाजाराला गर्दी दुप्पट झाली. पाय बरा झाला, पण आता हिंडायची गरजच उरली नव्हती. चूल घरातच होती. राजाने शाल दिली, बायाबापड्या त्याच्या नावाने ओव्या गाऊ लागल्या. लोक दगडावरची राख चिमूट चिमूट घरी नेत आणि मेलेले आत येऊ नयेत म्हणून उंबऱ्याबाहेर तिची रेघ ओढत. मीठ वाहणारे बैल खिंडीकडे जाईनासे झाले. वैद्यबुवांनी तिकडची वाट सोडली. वार्ताहराचा आता कथेकरी झाला होता; त्याने हे पाहिलं, आणि मनातून सुखावलाच तो. आपल्या शब्दाला केवढं वजन आलं, असं त्याला वाटलं.

मग एका तिन्हीसांजेला, गोष्ट ऐन रंगात आलेली असताना, खिंडीच्या वाटेने एक बाई उतरून आली. चेहरा पांढराफटक, ओठ सुकलेले. गर्दी आपोआप दुभंगली.

"बाबा," ती म्हणाली.

कथेकरी स्वतःच एक पाऊल मागे सरला. त्याने सांगितलं होतं, अगदी तस्सा तो चेहरा होता.

"बाबा, घरोघर ताप आहे. पाणी पाजायलाही कोणी उठत नाही. वैद्यबुवांना पाठवा." तिने पदराची गाठ सोडली आणि दगडावर मूठभर तांबडी माती ओतली. "ही तिथली माती. तुमच्या रीतीने आणलीय."

वैद्यबुवा पहिल्याच रांगेत होते. ते वाकले, माती पाहिली आणि हळूच म्हणाले, "तिथली माती करडी असते. आपण सगळ्यांनी पाहिलीय."

तेव्हा कुठे बापाच्या काळजात चर्र झालं. "अरे, ही माझी येसू आहे! ती करडी माती माझ्या चुलीतली राख होती!"

मग टाळ्यांचा कडकडाट झाला. "वा! आज तर कमालच केलीत!"

तो दगडावरून उतरला आणि लेकीचा हात धरला. हात गार होता. "चल बाळा, मी येतो," तो म्हणाला.

टाळ्या थांबल्या. "त्याने ओ दिली," कोणीतरी पुटपुटलं. माणसं एकेक पाऊल मागे सरकत गेली आणि दारं लागली.

बापलेक खिंड ओलांडून गेले. गावात दारं सताड उघडी होती. माणसं उंबऱ्यात बसून होती. कोणी उठलं नाही, कोणी बोललं नाही. त्याने रचलं होतं, तसंच्या तसं. फक्त काही डोळे अजून हलत होते. त्याने त्यांच्या तोंडात पाणी घातलं, येसूला त्यांच्यापाशी बसवलं, उपरण्यात तांबडी माती बांधली आणि धावत सुटला. कित्येक दिवसांनी त्याच्यापाशी खरी बातमी होती.

खिंडीच्या तोंडाशी पोचेपर्यंत पुन्हा तिन्हीसांज झाली. वाटेवर आडवी राखेची जाड रेघ ओढलेली होती. पलीकडे सगळं नगर पहाऱ्याला उभं होतं.

"मी आहे मी!" तो ओरडला. "अजून काही जीव वाचतील! माती आणलीय! डोळ्यांनी पाहून आलोय!"

त्याच्या बायकोने ओ द्यायला तोंड उघडलं. चौघींनी ते घट्ट दाबून धरलं, तिच्याच भल्यासाठी.

"आवाज अगदी त्याच्यासारखाच काढतात," वैद्यबुवा म्हणाले. "त्याने सांगितलंच होतं. कोणी ओ देऊ नका."

आणि कोणीच दिली नाही.

बाळांनो, गोष्ट हवी तेवढी रचावी, पण तिला खऱ्याची खूण लावू नये. नाहीतर खरं सांगायची वेळ येते तेव्हा दाखवायला खूणच उरत नाही.