तान्ह्या डोंगराचं झबलं

एक होतं गाव. राजासुद्धा होता, बरं का, पण तो लांब राहायचा. तो गोष्टीत मागून येईल. आधी गाव.

गावाचं नाव सपाटवाडी. चहूकडे नुसता माळ. चढ नाही, उतार नाही. गावात उंच म्हणावी अशी जागा एकच, म्हशीची पाठ. पोरं तिच्यावर चढून बसायची आणि म्हणायची, आम्हाला सगळं जग दिसतं.

त्या गावात कौसाबाई नावाची एक शिंपीण होती. मोठ्या माणसांचं ती काही शिवायची नाही. ती शिवायची फक्त तान्ह्या बाळांचं. झबली, टोपरी, कुंच्या, दुपटी. आणि तेही कोऱ्या कापडाचं कधी नाही. कोरं कापड असतं खरखरीत. बाळाची कातडी म्हणजे दुधावरची साय. तिला कोरं टोचतं. म्हणून बाळाच्या अंगाला पहिलं कापड लागायचं ते जुनं. आजीच्या लुगड्याचं, आजोबांच्या धोतराचं, शंभरदा धुतलेलं. पाच घरी जायचं, पाच घरचं जुनेर मागून आणायचं आणि ते जोडून झबलं शिवायचं. बाराव्या दिवशी बारसं झालं की मग खुशाल नवं घाला.

कौसाबाई प्रत्येक तुकडा आधी गालाला लावून बघायची. डोळे मिटायची. गालाला कळलं नाही की इथं कापड आहे, तरच तो तुकडा घ्यायची.

त्या वर्षी तिची स्वतःची लेक, तुळसा, बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरले होते. आज होते की उद्या, असं झालं होतं. कौसाबाईनं नातवंडासाठी एक गाठोडं जमवून ठेवलं होतं, सगळ्यात मऊ तुकड्यांचं.

आणि एकदा काय झालं, मार्गशीर्षातली थंडी होती, सकाळी लोक उठले आणि बघतात तर पूर्वेला डोंगर.

काल तिथं हरभरा उभा होता. आज डोंगर. देवळाच्या कळसावर कळस, त्यावर आणखी एक कळस ठेवावा, एवढा. त्याच्यावर झाड नाही, झुडूप नाही, गवताची काडी नाही. लालसर, उघडाबंब. लोकांनी हातातले तांबे खाली ठेवले आणि नुसते बघत राहिले. म्हशीसुद्धा रवंथ करायच्या थांबल्या.

मग वारा सुटला आणि डोंगर थरथरला.

तो थरथरला तशी जमीन थरथरली. घराघरांत उतरंडी कोसळल्या. भिंतींना भेगा पडल्या. विहिरीचं पाणी हिंदकळून काठावर आलं. थोडा वेळ थांबायचं, वारा आला की पुन्हा तेच. त्याचा हादरा पार राजधानीपर्यंत गेला. राजा खीर खात होता. त्याच्या डोक्यावरचा मुकुट खिरीत पडला.

मग राजा आला, हत्तीवर बसून, बरोबर प्रधान. राजा तसा भला होता. त्यानं डोंगराकडे बघितलं आणि म्हणाला, "याला थंडी वाजतेय. पांघरूण घाला."

मग राजाच्या विणकरांनी कोरं रेशीम आणलं, जरीच्या बुट्ट्यांचं, साठ गाड्या भरून. दोर लावून लावून ते डोंगरावर चढवलं. सूर्य वर आला तसा डोंगर असा झळाळला की लोकांनी डोळ्यांवर हात धरले. पण डोंगरानं काय केलं? आळोखेपिळोखे दिले. सगळं रेशीम सळसळत खाली. आणि तो आधीपेक्षा जास्त थरथरायला लागला.

मग धनगरांकडून नवी घोंगडी आणली. जाड, काळी, ऊबदार. ती घातली. आणि मग काय झालं माहीत आहे? डोंगर रडला.

रडला म्हणजे आपल्यासारखा नाही. जमिनीच्या आतून एक आवाज आला. बारीक सुरू झाला आणि वाढत गेला. विहिरीतून आला, रांजणातून आला, चुलीच्या राखेतून आला. दावणीला बांधलेली वासरं हंबरायला लागली. सैनिकांच्या हातातले भाले आपोआप खाली झुकले. घोंगडी काढली तेव्हा कुठं तो आवाज थांबला.

प्रधान म्हणाला, "महाराज, आता एकच उपाय. सुरुंग लावू. फोडून टाकू. दगड उडतील, तेव्हा गाव उठवावं लागेल."

राजानं मान खाली घातली. बघा, त्याला ते काही आवडलं नाही. पण दुसरं सुचेना. दवंडी पिटली. तीन दिवसांत गाव रिकामं करा. तिसऱ्या दिवशी सूर्य बुडायच्या आत सुरुंग.

तुळसाला उठून बसवत नव्हतं, तर कौसाबाईनं तिला बैलगाडीत कशी घालायची? माळावरचे धक्के, वर ही थंडी. वाटेतच काही झालं तर? ती लेकीजवळ बसून राहिली. तेवढ्यात शेजारच्या तीन बाया दारात आल्या. तिघी लेकुरवाळ्या. तिघींच्या चोळ्या ओल्या.

एक जण म्हणाली, "कौसाकाकू, हे काय झालं गं? तो डोंगर रडला आणि आम्हाला पान्हाच फुटला. पोरं तर झोपली होती."

कौसाबाईनं त्यांच्या ओल्या चोळ्यांकडे बघितलं. मग उठली. वाटीत कोमट तेल घेतलं आणि एकटी डोंगर चढायला लागली.

वर जायला तिला दुपार झाली. माथ्यावर पोचली आणि गुडघ्यांवर बसली. हातानं चाचपत गेली. इथं दगड, तिथं दगड. आणि मग एका जागी तिचा हात थांबला. सुपाएवढी जागा होती. तिथं दगड नव्हता. तिथं मऊ होतं. आणि ते मऊ हळूहळू वर येत होतं, खाली जात होतं, वर येत होतं, खाली जात होतं.

टाळू होती ती.

आयुष्यभरात कौसाबाईनं किती बाळांची टाळू भरली असेल, तिलाच ठाऊक नाही. पण सुपाएवढी टाळू ही पहिलीच. वाटीतलं तेल हळूच ओतलं आणि तळव्यानं जिरवलं. डोंगर तेवढा वेळ गप्प झाला. वारा होता, तरी गप्प झाला.

ती खाली आली ती थेट राजापुढे.

"महाराज, हे तान्हं आहे. नुकतंच जन्मलंय. आणि तुम्ही त्याला कोरं कापड घालताय."

प्रधान हसला. "डोंगर आणि तान्हा? बाई, डोंगर म्हातारे असतात."

"असतील. पण तुम्ही जन्मलात तेव्हा काय मिशा घेऊन आला होतात?"

राजानं तोंडावर उपरणं धरलं.

"आणि आता डोंगराला झबलं शिवणार वाटतं?" प्रधान म्हणाला. "मग नदीला चोळी कधी शिवता?"

"नदी मागेल तेव्हा," कौसाबाई म्हणाली. "महाराज, तीन दिवस माझे आहेत ना? मला जुनेर द्या. पाच घरचं पुरणार नाही. याला पाच परगण्यांचं लागेल."

राजानं हुकूम केला. पण सुरुंगाची दारू काही परत पाठवली नाही, बरं का. ती तिथंच डोंगराच्या पायाशी राहिली.

मग गाड्या यायला लागल्या. कशी कशी जुनी कापडं आली, ऐका. विटलेली लुगडी आली, जिथं तिथं रफू केलेली. कोपरावर झिजलेली अंगरखी आली. पैलवानाचा लाल फेटा आला, घामानं गुलाबी झालेला. कोळणीचं लुगडं आलं, त्याला अजून माशांचा वास. सोंगाड्याचा ठिगळांचा पायघोळ झगा आला. एका म्हातारीनं चाळीस वर्षांपूर्वीचं आपलं लग्नातलं पिवळं पातळ आणलं, कौसाबाईच्या हातात दिलं आणि मागं न बघता निघून गेली. कौसाबाई एकेक कापड गालाला लावत होती आणि दोन ढीग करत होती. सगळ्यात शेवटी ती घरात गेली आणि आपल्या गाठोड्याकडे नुसती बघत राहिली.

तुळसा पडल्या पडल्या म्हणाली, "घेऊन जा, आई. आधी त्याला. माझं अजून आत उबेला आहे."

मग शिवायला बसले. बाया बसल्या, बाप्ये बसले, सैनिक बसले. सैनिकांनी सुया बोटांत टोचून घेतल्या आणि लढाईत ओरडले नसतील तेवढे ओरडले. साधा धावदोरा, पण अख्ख्या माळावर. एक बाई इकडून टाका घालायची आणि तोच दोरा संध्याकाळी गावाच्या दुसऱ्या टोकाला निघायचा. प्रधान हात मागं बांधून फिरत होता. म्हणाला, "सगळं उलटं शिवलंय. शिवणी बाहेर दिसतात."

"बाहेरच ठेवायच्या असतात," कौसाबाईनं मान वर न करता सांगितलं. "आत ठेवल्या तर बाळाला रुततात."

दुसऱ्या दिवशी झबलं झालं. दोनशे बैलांनी ते ओढून वर नेलं. कौसाबाई पायाशी उभी राहिली आणि तान्ह्याशी बोलतात तसं हळू बोलली, "सैल सोड रे राजा अंग. असं." आणि बघा, त्या एवढ्या मोठ्या डोंगरानं अंग सैल सोडलं. दोन्हीकडचे सुळके जरासे वर झाले. झबलं सरसर खाली उतरलं. म्हातारी माणसं जमिनीला हात लावून पाया पडली.

थरथर निम्मी झाली. पण निम्मी राहिली. डोकं उघडं होतं ना.

तिसऱ्या दिवशी कुंची शिवली. टाळूवर लग्नातलं पिवळं पातळ घेतलं. मागं झालर सोडली. उजवा कान झाकला. आणि डाव्या कानापाशी आले तेव्हा कापड संपलं. दोन हात कमी पडलं. तेवढंच, दोन हात.

लोकांनी गाड्या झटकल्या. गावात धावले. घरात काही उरलं नव्हतं. अंगावरचं जुनंही झबल्याला देऊन जो तो एकुलतं एक वस्त्र गुंडाळून उभा होता, तेही कोरं रेशीम, राजाच्या ढिगातलं. सूर्य खाली चालला होता आणि वारा नेमका डाव्या बाजूनं सुटला. उघड्या कानात गार वारा शिरला. डोंगर हलला. झबल्याचे टाके ताणले गेले. तुळसा निजली होती त्या घराची भिंत करकरली. प्रधानानं पलिता पेटवायला सांगितला.

कौसाबाई म्हणाली, "महाराज, तुमच्याकडे काही जुनं?"

प्रधान ताठ झाला. "महाराज एकदा नेसलेलं पुन्हा नेसत नाहीत."

राजाचे कान लाल झाले. मग तो स्वतः हत्तीच्या अंबारीत चढला आणि एक उशी घेऊन खाली आला. उशीचा मखमली अभ्रा काढला. आत दुसरा अभ्रा होता. जुन्या लुगड्याचा. मूळचा रंग कुणालाच सांगता आला नसता.

"माझ्या आईचं आहे," राजा अगदी हळू म्हणाला. "ती गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. याच्याशिवाय मला झोप येत नाही."

कौसाबाईनं ते गालाला लावलं. गालाला काही लागलंच नाही.

"द्याल?"

"आणि मी कसा झोपू?" राजानं विचारलं.

"नाही आली झोप, तर मी आहे," कौसाबाई म्हणाली. "थोपटीन."

राजानं ते तिच्या हातात दिलं. देताना त्याचा हात जरा रेंगाळला, मग सुटला. कौसाबाई शिडीवर शिडी लावून कानापर्यंत चढली. एकटीनं टाके घातले. शिवण बाहेर ठेवली. मग हनुवटीखाली बंद बांधला.

आणि सगळं थांबलं.

विहिरीचं पाणी आरशासारखं झालं. वासरं दावणीला बसली. मग डोंगरानं एक मोठा श्वास सोडला. माळावरून गेला तो, ऊबदार, ओल्या मातीच्या वासाचा. ज्यांच्या ज्यांच्या अंगावरून गेला, ते सगळे होते तिथं खाली बसले. दोनशे बैल बसले. हत्ती बसला. पलितेवाल्यानं पलिता मातीत खुपसला आणि तोही बसला. राजा डोंगराला टेकला होता. कौसाबाई खाली उतरून आली तोवर त्याचा डोळा लागला होता. प्रधान काहीतरी बोलायला गेला. तिनं ओठांवर बोट ठेवलं. पहिल्यांदाच प्रधानानं ऐकलं.

दिवेलागणीला तुळसा बाळंत झाली. आपल्याच घरात, आपल्याच खाटेवर. मुलगी झाली. कौसाबाईनं मात्र आपलं नेसतं लुगडं रेशमाशी बदललं नव्हतं, नातवंडासाठी तेवढंच राखून ठेवलं होतं. त्याचाच पदर टरकन फाडला आणि नातीला गुंडाळलं.

बाराव्या दिवशी लोक डोंगराच्या बारशाला निघाले, तर काय बघतात? झबलं नाही, कुंची नाही. जिथं जिथं जे कापड होतं, तिथं तिथं तसं उगवलं होतं. धोतरांच्या जागी पांढरी फुलं. फेट्याच्या जागी गुलाबी. सोंगाड्याच्या झग्याच्या जागी तर सतरा रंगांची. माथ्यावर पिवळंधमक गवत. आणि डाव्या कानाजवळ दोन हात जागेवर एक बारीकसं फूल, ज्याच्या रंगाला अजून नाव नाही. राजा दरवर्षी यायचा. त्या फुलांत पाठ टेकायचा आणि दुपारभर घोरायचा. त्याला कुणी उठवायचं नाही.

डोंगर मोठा झाला, कौसाबाईची नात मोठी झाली, गावाच्या भिंती पुन्हा कधी हलल्या नाहीत. सगळी पोटभर जेवली, गाढ झोपली.

झाली गोष्ट. ती गेली तिच्या पांघरुणात, तुम्ही शिरा तुमच्या. मिटा डोळे.