उपरण्याखालचा भाव

ही गोष्ट बाहेर सांगायची नाही, असं मला घरी बजावलं आहे, कारण तिच्यातला शिष्य आमच्याच घरचा. नाव घेत नाही.

एका मोठ्या रुग्णालयात एक वृद्ध भांडारप्रमुख होते. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. रुग्णालयाची खरेदी संगणकावर गेली, तेव्हा गूळ-धान्याच्या आठ व्यापाऱ्यांना नवी पद्धत शिकवण्याचं काम त्यांच्या शिष्याकडे आलं. शेवटच्या दिवशी दुपारी बारापर्यंत भाव भरले नाहीत, तर वर्षभराचा पुरवठा परगावच्या कंपनीकडे जाणार होता.

सर्वांना नीट दिसावं म्हणून शिष्याने संगणकाचा पडदा भिंतीवर मोठा करून दाखवला होता. साडेअकरा वाजले. एकेक व्यापारी पुढे येई, नाव-पत्ता भरी आणि भावाच्या रकान्याशी थांबे. एकाचा चष्मा घरी राहिला, दुसऱ्याची बोटं आखडली. गुळाचे व्यापारी बाळगोंडा अण्णा तर तिसऱ्यांदा उठून जागेवर परतले. शिष्याने चौथ्यांदा समजावलं, आता आवाज चढवून.

"अण्णा, मोबाइलवर दिवसभर बोट फिरवता की."

"ते निराळं, साहेब," अण्णा म्हणाले आणि घड्याळाकडे बघत राहिले.

इतका वेळ मागे बसलेले गुरुजी उठले. त्यांनी भिंतीवरचं चित्र बंद केलं, खांद्यावरचं उपरणं काढून संगणकावर पांघरलं आणि अण्णांना बोलावलं. शिष्याला वाटलं, आपली थट्टा चालली आहे.

अण्णांनी उपरण्यात डोकं घातलं. चार कळा वाजल्या. ते बाहेर आले, तेव्हा भाव भरलेला होता. मग रांगच लागली. बाराला चार मिनिटं असताना आठवा भाव गेला.

खोली रिकामी झाल्यावर गुरुजी म्हणाले, "बाजारात ही माणसं रुमालाखाली बोटं धरून भाव सांगतात. शेजाऱ्याला कळला की सौदा गेला. तू तोच भाव भिंतीवर मागत होतास. त्यांना पद्धत पहिल्याच दिवशी आली होती."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"तू चार वेळा समजावलंस. एकदा तरी विचारलंस?"

शिष्याने उपरण्याची घडी घातली आणि दोन्ही हातांनी ती गुरुजींना दिली. पुढच्या वर्गात त्याने भिंतीवर काहीच दाखवलं नाही. आधी प्रत्येकाजवळ जाऊन बसला.

मला एवढंच कळलं, की गप्प बसलेल्या माणसाला काही येत नाही असं धरून चालण्याआधी आपण... आले, दादा, काही लिहीत नाहीये, नुसतं