कुंभाराच्या अंगणातलं पाऊल

फार जुनी गोष्ट आहे. ज्यांनी पाहिली ते गेले, ज्यांनी ऐकली तेही गेले, आता सांगायला मी उरलो आहे. तेव्हा लहानांनो, पुढे सरका. मोठ्यांनो, तुम्ही मागे टेकून बसलात तरी चालेल, पण कान इकडे असू द्या. गोष्ट खरं तर तुमचीच आहे.

एका राज्यात एक डोंगर होता. पायथ्याला नदी, माथ्यावर देवीचं देऊळ. दर चैत्रात नदीच्या घाटापासून देवळापर्यंत धावण्याची शर्यत लागे. जो पहिला पोहोचेल त्याच्या डोक्याला राजाने पाठवलेला जरीचा फेटा बांधला जाई, आणि वर्षभर गावोगाव त्याचंच नाव निघे.

हा फेटा कितीतरी वर्षं एकाच डोक्यावर होता. ते डोकं होतं एका मेंढपाळाचं. माणूस उंच, लांब ढांगांचा आणि कमी बोलणारा. त्याची एक सवय होती. शर्यत सुटली तरी तो घाटावर डोळे मिटून, हात जोडून उभा राही. सगळे पुढे निघून जात. मग हा निघे, आणि देवळाच्या शेवटच्या चढावर एकेकाला मागे टाकत पहिला पोहोचे. लोक त्याच्यावरून जीव ओवाळून टाकत. आया आपली तान्ही बाळं त्याच्या पायावर घालत.

फक्त एका माणसाच्या पोटात दुखे. तो होता नदीकाठचा कुंभार.

कुंभार दरवर्षी दुसरा येई. दुसरं येणं फार वाईट असतं हो! तिसरा घरी जाऊन गूळ वाटतो. दुसऱ्याला मात्र रात्रंदिवस पहिल्याची पाठ दिसत राहते. तसा कुंभार मेहनतीला कमी नव्हता, हे मी कबूल करतो. माती तुडवून तुडवून त्याचे पाय पोलादासारखे झाले होते. रोज पहाटे तो डोंगर चढून यायचा, ताप असला तरी चुकवायचा नाही. एवढी जिद्द मीही फार कमी माणसांत पाहिली. पण त्या जिद्दीच्या पोटात निखारा होता, आणि तो आधी घरधन्यालाच भाजत होता.

एकदा मेंढपाळ नदीवर पाणी प्यायला वाकला. तो गेल्यावर काठच्या गाळात त्याचं पाऊल उमटलेलं कुंभाराला दिसलं. चाकावरचं मडकं ज्या दोऱ्याने कापतात, त्याच दोऱ्याने त्याने ते पाऊल गाळासकट कापून घेतलं, घरी आणलं, सुकवलं आणि मडक्यांबरोबर भट्टीत भाजलं.

"अहो, हे कुणाचं पाऊल?" कुंभारणीने विचारलं.

"माझ्या वैऱ्याचं."

"वैऱ्याचं पाऊल कुणी घरात आणतं का? लक्ष्मीचं काढतात दारात!"

कुंभाराने ऐकलं नाही. त्याने ते पाऊल अंगणात मांडलं. रोज सकाळी तो त्यात आपला पाय ठेवून बघे. त्याचा पाय अंगठाभर लहानच पडे, आणि त्याच्या अंगाचा तिळपापड होई. मेंढपाळाची ढांग केवढी पडते हेही तो गाळावर मापून आला होता. तेवढीच ढांग टाकायची, असं त्याने मनाशी घेतलं. आखूड पायांचा माणूस लांब ढांगा टाकू लागला. जांघा भरून येत, पाठीत कळ निघे, तरी तो थांबेना. इकडे चाक धूळ खात पडलं होतं. घाईत भाजलेली मडकी बाजारातच तडकू लागली.

आता गंमत ऐका. कुंभाराच्या अंगणात मेंढपाळाचं पाऊल आहे, ही बातमी गावात पसरली. लोकांना वाटलं, हा त्याची पूजा करतो! शेजारणीने जास्वंदीचं फूल आणून वाहिलं. कुणी हळदकुंकू वाहिलं. "भक्त असावा तर असा," म्हणत म्हातारे कुंभाराची पाठ थोपटू लागले. कुंभार दात-ओठ खात गोड हसे. फुलं टाकून द्यावीत तर पितळ उघडं पडेल, ठेवावीत तर डोळ्यांत सलतील. ज्याच्या नावाने बोटं मोडायची, त्याच्यापुढचा दिवाही आता यालाच लावावा लागे.

ही गोष्ट फिरत फिरत मेंढपाळाच्या कानावर गेली. साधा माणूस तो, त्याचं मन भरून आलं. शर्यतीच्या आदल्या आठवड्यात तो खांद्यावर घोंगडी टाकून, काठी टेकत कुंभाराच्या दारात आला.

"गड्या, माझ्या पावलाला फुलं वाहतोस म्हणे. असं करू नकोस. माणसाचा पाय तो, चिखलात जायचाच."

"तुमचं मोठेपण आहे," कुंभार म्हणाला. पोटात एक, ओठात एक.

"एक सांगू? मेंढरं चारताना तुला रोज बघतो मी. तू माझ्यासारखं धावायला बघतोस, तिथे चुकतंय. तुझे पाय आखूड आहेत, पण बळकट आहेत. तू बारीक पावलं टाक, झपझप. चढाला तीच चाल बरी. परवा पलीकडच्या गावचा पानवाला विचारायला आला होता, त्यालाही हेच सांगितलं." मेंढपाळ उठता उठता थांबला. "आणि यंदा मी धावत नाही. गुडघा ऐकत नाही आता. देवीने तुला यश द्यावं."

तो काठी टेकत गेला. कुंभारणीला भरून आलं. "ऐकलंत ना? देवमाणूस हो!"

"देवमाणूस कसला! कावेबाज आहे," कुंभार उसळला. "मला चाल बदलायला लावतोय. धावत नाही म्हणे! मी गाफील राहावं म्हणून लंगडण्याचं सोंग केलंन. मागून येईल बघ, नेहमीसारखा."

चोराच्या मनात चांदणं. जो स्वतः फुलांआड वैर लपवत होता, त्याला दुसऱ्याच्या काठीआडही कपटच दिसलं.

शर्यतीचा दिवस उजाडला. घाटावर मेंढपाळ नव्हता. 'कुठे दडला असेल?' कुंभाराच्या मनात आलं. शिंग वाजलं आणि तो लांब ढांगा टाकत निघाला. अंगात बळ होतंच, तो सगळ्यांच्या पुढे गेला. यंदा शेवटच्या चढावरही त्याच्यासमोर कुणाची पाठ येणार नव्हती. मोकळी वाट होती, वर देवळाचा कळस चमकत होता.

पण त्याने कळस पाहिलाच नाही. डोंगराच्या कुशीत मेंढरं चरत होती. एका मेंढराच्या गळ्यातली घंटा वाजली. आला! कुंभाराने मान वळवून मागे पाहिलं. कुणी नव्हतं. पुन्हा घंटा वाजली, पुन्हा मान वळली. प्रत्येक वळणावर तेच. ढांग चुकू लागली, दम तुटू लागला. शेवटच्या चढावर तर मेंढरांचा कळपच आडवा गेला आणि घंटाच घंटा वाजल्या. कुंभार जागीच थबकून मागे बघत राहिला. तेवढ्यात त्याच्या दुसऱ्या अंगाने बारीक पावलं टाकत, झपझप, कुणीतरी वर निघून गेलं.

तो पलीकडच्या गावचा पानवाला होता.

कुंभार धापा टाकत माथ्यावर पोहोचला. देवळाच्या पायरीवर मेंढपाळ बसला होता. गुडघ्याला पाला बांधलेला, मांडीवर जरीचा फेटा. जुन्या विजेत्याने नव्याला फेटा बांधायचा, अशी रीत होती.

"तुम्ही... तुम्ही इथे?"

"मी सकाळपासून इथेच आहे गड्या. वरून सगळी वाट दिसते. तू पुढे होतास, बघून किती आनंद झाला मला! फेट्याची घडीसुद्धा मोडून ठेवली होती मी तुझ्यासाठी. पण तू सारखा मागे काय बघत होतास?"

कुंभाराने वळून खालच्या रिकाम्या वाटेकडे पाहिलं. त्याच्यासमोर तो फेटा पानवाल्याच्या डोक्याला बांधला गेला. पानवाल्याने वाकून मेंढपाळाचे पाय धरले, मनापासून धरले. ते बघताना कुंभाराला लाज वाटली, आणि खोटं कशाला सांगू, थोडं पोटातही दुखलं. जुनं दुखणं एका दिवसात जात नाही.

घरी येऊन त्याने अंगणातलं पाऊल उचललं आणि आपटायला हात वर केला. कुंभारणीने तो धरला.

"त्या पावलाने काय केलंय तुमचं? ते बिचारं जागचं हललंसुद्धा नाही."

कुंभाराने हात खाली घेतला. मग ते पाऊल त्याने नदीवर नेलं आणि जिथून कापून आणलं होतं तिथेच पाण्यात सोडलं. दुसऱ्या दिवशी चाक फिरू लागलं. पुढे तो कधी जिंकला की नाही, ते मला ठाऊक नाही. एवढं मात्र खरं, की त्या भागात अजूनही कामात चित्त नसलेल्या माणसाला विचारतात, "काय रे, मागून मेंढपाळ येतोय का?"

तात्पर्य : मत्सरी माणसाला हरवण्यासाठी दुसऱ्या कुणाला धावावं लागत नाही.