तलाव दगड झाला त्याची गोष्ट

एका राज्यात राजा वारला आणि त्याच दिवशी नगरीचा तलाव दगड झाला. लाटा उठल्या तशाच थिजल्या. घागर बुडवावी तर घागरीचा काठ फुटे. गाई हंबरत होत्या, पोरे कोरडे ओठ चाटत होती, आणि दरबारात मात्र मुगुट कोणाला शोभेल याचीच चर्चा चालली होती.

त्या नगरीची रीत अशी, की वारसाने तलावाकाठी उभे राहून सर्वांसमक्ष म्हणावे, "राजाचे जे जे होते, ते ते माझे." मग मुगुट.

थोरला राजपुत्र गेला, तसे म्हणाला. काठावर एक टिटवी राहत असे. तिला माणसाची वाचा होती आणि भीड मुळीच नव्हती. तिने विचारले, "राजाने केलेले अन्यायही तुझेच ना?"

"ते त्यांच्याबरोबर गेले," राजपुत्र म्हणाला, आणि पायापासून शेंडीपर्यंत दगड झाला.

मधला स्वतःला धोरणी समजे. तो म्हणाला, "जुने उकरून कोणाचे भले झाले आहे?" तोही दगड झाला. भाटांनी दोघांवर कवने रचली. भाटांचे काय, ते दगडांवरही रचतात.

मग धाकटी उदयमती आली. बापावर तिचा फार जीव. पण टिटवीचा प्रश्न ऐकून तिची मान खाली गेली नाही.

"अन्यायही माझे. कोणते, ते सांग."

"तीन आहेत. मुगुटातला मणी नागाचा. सिंहासनाचे लाकूड यक्षिणीच्या झाडाचे. तिसरा ज्याच्यावर झाला, तो मांत्रिक डोंगरातल्या गुहेत बसला आहे. आधीचे दोन फेडल्याशिवाय तो दार उघडणार नाही."

उदयमतीने मणी काढला आणि वारुळापाशी ठेवला.

"फार उशीर केलास," नाग म्हणाला.

"जन्मच उशिरा झाला," ती म्हणाली. नागाने मणी उचलला आणि वाट सोडली.

सिंहासन गाडीत घालून तिने रानात नेले, तोडलेल्या बुंध्याशेजारी मांडले. पाहता पाहता त्याने मुळे धरली, त्याच्या हातांना पालवी फुटली. यक्षिणी हसली. "आता बसशील कशावर?"

"घोंगडीवर."

"ते सर्वांनाच जमत नाही," यक्षिणी म्हणाली.

मग गुहेचे दार उघडले. मांत्रिक म्हातारा झाला होता. तो म्हणाला, "तलाव मी मंत्राने खणला. मोबदला एकच मागितला, काठच्या शिळेवर माझे नाव. तुझ्या बापाने तिथे स्वतःचे घातले, आणि माझे उच्चारायला बंदी केली. मांत्रिकाचे नाव कोणी घेईनासे झाले, की ते त्यालाही आठवत नाही. म्हणून मी त्याच्या वारशाला शाप दिला. माझे नाव आण, शाप उतरेल."

"नाव काय?"

"ठाऊक असते तर तुला सांगितले नसते का?"

उदयमती परतली. घरोघर विचारले, कोणालाच आठवेना. शेवटी ती शिळेपुढे उभी राहिली. बापाचे नाव चुन्याच्या जाड लेपावर, सोन्याने उठवलेले. ही अक्षरे बोटाने गिरवूनच ती वाचायला शिकली होती. तिने छिन्नी मागवली.

प्रधान आडवा आला. "ताईसाहेब, थोरल्या महाराजांची हीच एक खूण आहे. खाली काहीच नसले तर?"

"नसले, तरी हे नाव इथे खोटे आहे."

"लोक म्हणतील, लेकीने बाप पुसला."

"माझ्या बापाने दुष्काळात कोठारे उघडली. ते कोणाला पुसता येणार आहे? बाजूला व्हा, प्रधानजी."

हा हट्ट बापाचाच होता. नगरीने तो ओळखला आणि वाट करून दिली. पहिल्या घावाला सोने उडाले, दुसऱ्याला तिचे डोळे भरले, तिसऱ्याला लेप गळून पडला. खाली शिळेत खोल कोरलेले नाव होते. तिने ते मोठ्याने वाचले, "मेघंकर." मागून सारी नगरी म्हणाली, "मेघंकर." डोंगरातून कोणीतरी ओ दिली. थिजलेली लाट काठावर येऊन फुटली.

राजपुत्रही हलले. थोरल्याने आधी डोके चाचपले. "मुगुट कुठे आहे?"

"आहे, दादा. त्यातला मणी नागाला दिला."

"आणि सिंहासन?" मधल्याने विचारले.

"रानात आहे. त्याला पालवी फुटली आहे."

"मग बापाचे उरले काय?"

"नगरी," राणी उदयमती म्हणाली. "तहानलेली आहे. घागरी उचला."

दोघे राजपुत्र खांद्यावर घागरी घेऊन निघाले. नगरी निवाली, गाई निवाल्या, ऐकणारेही निवोत.