राजाने शोधलेला नादा

एक होता राजा. सोमधर त्याचं नाव. समुद्राकाठी त्याचं राज्य. सगळं होतं त्याच्याकडे, फक्त कोणावर विश्वास नव्हता. दूध प्यायचं तर आधी मांजराला पाजायचा. मांजर पिऊन झोपलं की म्हणायचा, "हे का झोपलं?" आणि दूध तसंच राहायचं. कुमुदा त्याची एकुलती एक लेक. ती मात्र येईल त्याच्याशी बोलायची.

एकदा काय झालं, सकाळी सकाळी एक भलामोठा मासा किनाऱ्याला लागला. त्याच्या पाठीवर एक माणूस, मांडीवर पेटी घेऊन बसलेला. माशाने त्याला अलगद वाळूवर उतरवलं आणि गेला निघून. तो होता स्पेन देशाचा खलाशी, नाव इनिगो. जहाज फुटलं होतं बिचाऱ्याचं. पण सांगणार कसं? आपली बोली त्याला येईना, त्याची आपल्याला.

"मासा कोणाचा?" राजाने विचारलं. इनिगो नुसता बघत राहिला. मग राजाने पेटीकडे बोट दाखवलं. "यात काय आहे?"

"नादा," इनिगो म्हणाला.

पेटी उघडली तर रिकामी. झालं. राजाच्या मनात पाल चुकचुकली. "याने तो नादा कुठेतरी लपवलाय. नजर ठेवा याच्यावर."

मग काही दिवसांनी कुमुदाच्या घशात चिंचोका अडकला. श्वास कोंडला पोरीचा. इनिगोने धावत येऊन तिला वाकवलं, पाठीत थाप मारली, चिंचोका बाहेर. कुमुदाने हात जोडले. त्याने छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "दे नादा."

राजा ताडकन उठला. "ऐकलंत? 'दे' म्हणाला. म्हणजे नादा आपल्याकडेच आहे, आणि हा तो मागायला आलाय."

"पण बाबा, मागणारा हात पुढे करतो. याने छातीवर ठेवला."

"तीच तर चलाखी."

मग राजाने महाल खणायला घेतला. देवघराची फरशी उखडली, कोठारं उपसली, राणीच्या उशासुद्धा फाडल्या, बरं का. राणीने कपाळाला हात लावला. नादा काही सापडेना. राजाची झोप उडाली. शेवटी त्याने ठरवलं, याला खाडीतल्या बेटावर नेऊन सोडायचं. त्या बेटावर ना झाड, ना प्यायला पाणी.

इनिगोचे हात बांधून त्याला नावेत बसवलं. नावाड्यांवर विश्वास नाही, म्हणून राजा स्वतःच वल्हवायला बसला. कुमुदाही हट्टाने गेली. मध्यावर गेल्यावर राजाला वाटलं, नावेला कोणी भोक तर पाडलं नाही ना? बघायला वाकला आणि पडला पाण्यात. पोहता तर येत नव्हतं.

"नादा! नादा!" इनिगो ओरडायला लागला. बांधलेले हात जमतील तसे हलवून दाखवायला लागला.

राजाच्या नाकातोंडात पाणी. तशातही मनात आलं, मी बुडतोय आणि याला नादाच हवाय.

कुमुदाचं लक्ष त्या हातांकडे होतं. तिने भराभर दोरी सोडली. "बाबा, तो करतोय तसे हात मारा."

मग इनिगोने उडी घेतली. राजाच्या हनुवटीखाली हात दिला आणि "नादा, नादा" म्हणत राहिला. राजाने एक हात मारला, मग दुसरा, आणि कसाबसा नावेला लागला.

किनाऱ्यावर येऊन राजा कुडकुडत बसला. "तुला मरायला सोडणार होतो मी," तो म्हणाला, आणि त्याने हात जोडले.

इनिगोने छातीवर हात ठेवला. "दे नादा."

मग कुमुदाने आपली मूठ उघडून रिकामा तळवा दाखवला. "नादा?" इनिगोने मान डोलावली. तिने पाणी कापल्यासारखे हात मारले. "नादा?" तो हसला, पुन्हा मान डोलावली.

"बाबा, याच्या बोलीत नादा म्हणजे काही नाही. आणि 'पोह' म्हणायचं तरी नादाच. शब्द एकच. आणि कोणी आभार मानले की हा म्हणतो 'दे नादा'. म्हणजे, त्यात काय एवढं."

जे नव्हतंच, त्यासाठी राजाने देवाखालची फरशी उखडली होती. मग तो हळूच म्हणाला, "तुला खात्री आहे?"

"तुम्हीच विचारा त्याला."

मग राजाने विचारलं. रिकामा हात पुढे करून, जरा लाजतच.

पुढे देवघरात फरशी बसली, राणीला नव्या उशा आल्या. इनिगो पाहुणा म्हणून राहिला. राजा रोज त्याचा हात घट्ट धरून खाडीत उतरायचा. एके दिवशी त्याने तो हात आपणहून सोडला आणि पोहत गेला.

सगळी आनंदात राहिली हो. चला, पांघरूण घ्या अंगावर आणि मिटा डोळे.